पोरगी बोलून राहिली, मी लिहून राहिली: लहान लेकरांच्या नोंदवहीचा धागा

त्रिमूर्तीनगरची_आई | ३ जून, रात्री ११:२०

माझी लेक २२ महिन्यांची आहे. घरात तिला चिमणी म्हणतो, इथेही तेच म्हणते.

गेल्या महिन्यात माझा मोबाइल कूलरच्या टाकीत गेला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर झळा. पंपात कचरा अडकला म्हणून मी कूलर बंद करून बाजूची ताटी काढून ठेवली होती आणि पाइप आणायला मोरीत गेली. परत येते तर चिमणी त्या उघड्या बाजूला उभी, दोन्ही हात रिकामे. माझ्याकडे पाहून म्हणते, "बुलूक."

मोबाइल तांदळात ठेवला, दोन दिवस हात लावला नाही, मग सीताबर्डीला दुरुस्तीवाल्याकडे दिला. बोर्ड गेला होता. फोटो बरेचसे वाचले, कारण ते आपोआप दुसरीकडे जमा होत होते. व्हिडिओ मात्र जागा संपली म्हणून मीच बंद करून ठेवले होते. सप्टेंबरपासूनचे आठ महिन्यांचे सगळे व्हिडिओ गेले.

त्या रात्री खूप रडली. नवरा म्हणाला, काय काय होतं त्यात ते सांग, आपण लिहून ठेवू. आम्ही बसलो. पहिलं पाऊल लगेच आठवलं. गणपतीची आरती सुरू होती, सासऱ्यांच्या हातातला टाळ घ्यायला ही सोफ्याचा कठडा सोडून चार पावलं चालली आणि पाचव्याला बसली. अंगावर पिवळं झबलं. सासरे आरती विसरले, सासूबाईंनी ती एकट्यानेच पुढे म्हटली. सगळं जसंच्या तसं आठवलं. पहिला दात, जावळ, पहिल्यांदा "बाबा" म्हणाली तो दिवस, तेही आठवलं.

मग नवऱ्याने विचारलं, "डिसेंबरमध्ये ही केळ्याला काय म्हणायची?"

दोघांनाही आठवेना. सासूबाईंनाही नाही. रोज सकाळी दहादा ऐकलेला शब्द! आता ती नीट "केळं" म्हणते, आणि त्याच्या आधीचा शब्द घरात कोणाकडेच उरला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी गोकुळपेठेतून २०० पानी वही आणली. फ्रिजवर ठेवते, पेन सुतळीने बांधलाय. नियम एकच, त्याच दिवशी लिहायचं, आणि ती बोलली तसंच लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. आधी काय झालं होतं तेही एक ओळ लिहिते, नाहीतर नुसता शब्द महिन्याभराने मलाच कळणार नाही. त्यातल्या चार नोंदी देते.

*११ मे.* मेट्रोने सुभाषनगरहून सीताबर्डी. खिडकीतून अंबाझरी तलाव दिसला. "मोऽऽठी बादी!" (घरी आंघोळीची बादली म्हणजे बादी.) उतरेपर्यंत "आई, बादी गेली, बादी गेली."

*१९ मे.* अंगणाच्या पायरीवर पडली, टोंगळा खरचटला. "तोंगा बाऊ." मी फुंकर घातली. ती उठली, वाकली आणि पायरीलाही फुंकर घातली. "पायी बाऊ."

*२३ मे.* कडेवर घ्यायचं असलं की हात वर करून म्हणते, "तुला उचल." मी तिला नेहमी विचारते ना, "तुला उचलू?" म्हणून तिच्या हिशेबाने ती स्वतःच "तुला" आहे.

*३० मे.* प्रत्येक खोलीत शिरताना "मी आलो!" बाबा संध्याकाळी दारातून हेच म्हणतात. मोरीत गेली तरी "मी आलो", पलंगाखाली घुसली तरी "मी आलो".

पहिलं पाऊल, पहिला दात हे आपण विसरत नाही. हे मधलं सगळं मात्र जाऊन राहिलं. तुम्ही काय लिहिता, कसं लिहिता, सांगा. आणि ज्यांची लेकरं मोठी झाली त्यांनी हेही सांगा की काय लिहायचं राहून गेलं.

---

बुटीबोरीचा_बाबा | ४ जून, सकाळी ६:०५

रात्रपाळी करून आत्ता आलो आणि हे वाचलं. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. माझं लिहिणं होत नाही, म्हणून मी आवाज साठवतो. रविवारी सकाळी त्याला पोटावर बसवून मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करतो आणि विचारतो, आज काय करायचं? एक मिनिट, जास्त नाही. मोबाइल उशीखाली असतो. दिसला की तो बोलत नाही, मोबाइलच मागतो. व्हिडिओपेक्षा आवाज मला जवळचा वाटतो. व्हिडिओ पाहताना मी त्याचा चेहरा पाहत बसतो, आवाज ऐकताना तो काय बोलून राहिला ते ऐकतो. फाइलच्या नावात तारीख आणि त्याचं वय लिहितो, एवढंच.

---

खामल्याचा_वायरमन | ४ जून, दुपारी १:४०

ताई, वहीबद्दल मी काय सांगणार, पण कूलरबद्दल सांगणं भाग आहे. तुम्ही बंद केला होता ते बरं केलं, पण नुसतं बटण बंद करू नका, पिन बाहेर काढा. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी लेकरू, याच्यासारखं धोक्याचं काही नाही. पाणी भरताना, ताटी काढताना, पंप हलवताना प्रत्येक वेळी पिन बाहेर. बॉडीला अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. घराच्या मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. करंट जमिनीकडे गळायला लागला की ती क्षणात लाइन पाडते. एमसीबी ते काम करत नाही, लोक दोन्ही एकच समजतात.

आणि टाकी. मोबाइल पडला म्हणून वाईट वाटून राहिलं, पण एवढ्या लहान लेकराला वीतभर पाणीही जास्त असते. ताटी उघडी ठेवून खोलीतून जाऊ नका.

---

त्रिमूर्तीनगरची_आई | ४ जून, दुपारी ३:१५

दादा, तुमचं वाचून हात थंड पडले. मी मोबाइलसाठी रडत होती आणि ती तिथे एकटी उभी होती याचा विचारच केला नव्हता. आज संध्याकाळी बोर्ड तपासायला माणूस येतोय. वहीत तीही नोंद करते.

---

महालातली_आजी | ५ जून, सकाळी १०:३०

मी ६८ वर्षांची आहे. नातू टाइप करून देतो.

आमच्या वेळी वही वगैरे कुठे होती? पण दुधाचा हिशेब मी कालनिर्णयच्या तारखांवर लिहायची. मागल्या दिवाळीला माळा आवरताना जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा निघाला. त्यात एका चौकोनात लिहिलंय, "अर्धा लिटर जास्त. बाळ्या आज चंद्राला भाकर म्हणाला." बाळ्या म्हणजे माझा थोरला, आता ४१ वर्षांचा आहे. त्याला दाखवलं तर तो किती तरी वेळ ते पान हातात घेऊन बसला. मग त्याने त्याचा फोटो काढला आणि आपल्या लेकीला पाठवला.

तुम्ही विचारलं काय राहून गेलं. माझं धाकट्याचं राहिलं. थोरल्याचं कौतुक झालं, मधल्या लेकीचं थोडं झालं, आणि धाकट्याच्या वेळी घरात सासू आजारी, हातात वेळ नाही. त्याच्या लहानपणाचा एक शब्दही माझ्याकडे लिहिलेला नाही. तो कधी बोलून दाखवत नाही. पण गठ्ठा निघाला त्या दिवशी तोही पानं चाळत होता, आणि आपलं काही सापडलं नाही म्हणून हळूच उठून गेला. दुसरं लेकरू झालं तर त्याची वही आधी आणा, एवढं माझं ऐका.

---

पुण्यातली_नागपूरकर | ५ जून, दुपारी ४:००

वाचून घरची आठवण आली. एक सुचवू का? नातेवाइकांचे फोन धुंडाळा. आठ महिन्यांत तुम्ही आई-बाबांना, बहिणीला, नणंदेला कितीतरी व्हिडिओ पाठवले असतील. तुमच्याकडून गेले तरी त्यांच्याकडे असतील. आवाजी निरोपही बघा, मागे लेकरू बडबडत असतं.

आणि "मी आलो" ऐकून ती मुलगी आहे म्हणून "मी आले" शिकवायची घाई करू नका. माझ्या मुलीला इथे सगळ्यांनी इतकं टोकलं की ती दोन महिने नुसती खोलीत येऊन उभी राहायची, काही म्हणायचीच नाही.

---

महालातली_आजी | ५ जून, संध्याकाळी ७:१०

आमच्याकडची पोरगी असेल तर "मी आली" म्हणेल. तेही बरोबरच आहे.

---

फक्त_वाचते | ९ जून, रात्री १२:५०

हा धागा तीन दिवस वाचून राहिली, आज लिहिते. माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. चार-पाच शब्द बोलतो. आई, बाबा, दे, आणि गाडीला "भूम". चिमणीच्या नोंदी वाचल्या आणि पोटात गोळा आला. घरचे म्हणतात मुलगे उशिरा बोलतात, याचा काकाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. शेजारी सगळे हिंदी बोलतात, घरी आम्ही मराठी, सासरे त्याच्याशी वऱ्हाडीत बोलतात. दोन-तीन भाषांमुळे गोंधळला असेल का? कोणाशी तुलना करायची नाही हे कळतं, पण रात्री झोप येत नाही.

---

अंगणवाडीताई | ९ जून, सकाळी ८:३०

ताई, मी १४ वर्षं अंगणवाडीत काम करते. डॉक्टर नाही, पण रोज तीस लेकरं पाहते.

आधी भाषेचं. घरात दोन-तीन भाषा असल्याने लेकरू बोलायचं थांबत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. "पानी" म्हणाला तरी शब्द, "पाणी" म्हणाला तरी शब्द.

आता मला हे सांगा. त्याला काही हवं असलं की बोट दाखवतो का? विमान गेलं तर तुम्हाला दाखवायला तुमच्याकडे वळून पाहतो का? तुम्ही नुसतं तोंडाने, हात न दाखवता, "चप्पल आण" म्हटलं तर आणतो का? नावाने हाक मारली, तीही पाठीमागून, तर वळतो का? शब्द कमी असले तरी हे सगळं असेल तर बरीच काळजी कमी होते. पण तपासणी टाळू नका. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचा बंद झाला, तर दाखवायलाच हवं. येत असलेलं गेलं तर कोणत्याही वयात थांबायचं नाही.

"काका उशिरा बोलला" हे प्रत्येक घरात असतं. काकाचं पुढे चांगलं झालं म्हणून याचे कान तपासायचे राहू नयेत. सगळ्यात आधी कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जवळच्या अंगणवाडीत जा, ताईला सांगा, ती पुढचा रस्ता दाखवेल.

आणि सगळ्यांसाठी एक. तुमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल, ज्याला आपण लसीचं कार्ड म्हणतो. त्यात वजनाचा तक्ता आहे, हिरवा, पिवळा, नारिंगी. तीही तुमच्या लेकराची वहीच आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, त्याच सुमारास त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर. बऱ्याच आया पहिल्या वर्षाच्या लसी चुकवत नाहीत आणि या दोन विसरतात. चिमणीचं झालं का?

---

त्रिमूर्तीनगरची_आई | ९ जून, सकाळी ११:००

ताई, झालं, १७ व्या महिन्यात. आत्ता कार्ड काढून पाहिलं.

फक्त_वाचते, माझ्या लिहिण्याने तुम्हाला त्रास झाला, त्याचं मनापासून वाईट वाटतं. चिमणी वयाप्रमाणे किती पुढे किंवा मागे आहे हे सांगायला मी लिहिलं नव्हतं. ती रांगलीच नाही, हे मी वर लिहिलं नाही. बसून बसून पुढे सरकायची, मग एकदम उभी राहिली. त्या काळात मी शेजारच्या रांगणाऱ्या बाळाकडे पाहायचीसुद्धा नाही. मग कोणीतरी मला जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा अभ्यास दाखवला, पाच देशांतल्या मुलांचा, त्यात भारतातलीही मुलं होती. एकट्याने चालायला लागण्याचं वय त्यात ८.२ ते १७.६ महिने दिलंय. नऊ महिन्यांहून मोठी तफावत, आणि सगळी निरोगी मुलं. काही तर हात-टोंगळ्यांवर रांगलीच नव्हती. ते वाचून मी पहिल्यांदा नीट झोपली.

"भूम" कधी म्हणतो ते सांगाल का? गाडी पाहिली की, की आवाज ऐकला की?

---

फक्त_वाचते | ९ जून, दुपारी २:२०

पाहिली की. गाडी नजरेसमोर असली की. रस्त्यावरून नुसता हॉर्न वाजला तर नाही म्हणत. तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं. आणि पाठीमागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. उद्याच अंगणवाडीत जाते.

---

विज्ञानाचे_सर | १२ जून, रात्री ९:४५

या धाग्यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाची अशीच वही ठेवली होती. मुलगा डिसेंबर १८३९ चा. वहीतल्या नोंदींवरून त्याने लेख लिहिला तो १८७७ मध्ये, म्हणजे मुलगा ३७ वर्षांचा झाल्यावर. बाळ कशाला दचकलं, कधी रागावलं, आरशात स्वतःला पाहून काय केलं, सगळं तारखांसकट. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, बरोबर एक वर्षाच्या वयात त्या बाळाने खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला, "मम". अगदी आपल्या घरातल्या मम्मसारखा! मग साखरेला "शू-मम" म्हणायला लागला, आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या वडीला त्यापुढे आणखी "काळं" जोडलं. बापाने ते दुरुस्त केलं नाही, उतरवून घेतलं. म्हणून दोन शतकं होत आली तरी आपण ते वाचू शकतो.

तुमच्या "मोठी बादी"त हेच घडतंय. तिच्याकडे तलावाला शब्द नाही, म्हणून आहे त्या शब्दाला तिने मोठं केलं.

---

मनीषनगर_आयटी | १३ जून, सकाळी ७:५०

दोनच गोष्टी. व्हिडिओच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. आणि सगळ्यांना दिसेल असं काही टाकताना लेकराचं खरं नाव, घराची पाटी, पाळणाघराचं नाव, आंघोळीचे फोटो नकोत. मोबाइलमध्ये फोटोसोबत जागेची नोंद जाते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद होते. मूल मोठं होऊन हे सगळं वाचणार आहे. ताईंनी चिमणी एवढंच लिहिलंय ते आवडलं.

---

फक्त_वाचते | ११ जुलै, रात्री १०:१५

कानांची तपासणी झाली. दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलं होतं. वारंवार सर्दी व्हायची ना, त्याने. डॉक्टर म्हणाले, त्याला आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत असतील. बहिरेपण नाही. सध्या लक्ष ठेवायचं, दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, तोवर समोर बसून, चेहरा दिसेल असं, त्याच्याशी बोलायचं. टीव्ही बंद केलाय.

मी पण वही आणली. पहिल्या पानावर लिहिलंय: *२ जुलै. पावसात गेटशी उभा. बोट वर. "पा."* मला वाटलं पाणी. नाही. समोरच्या छतावर पारवा भिजत बसला होता.

---

त्रिमूर्तीनगरची_आई | ११ जुलै, रात्री १०:४०

हे वाचून नवऱ्याला उठवून दाखवलं. "पा" ठळक अक्षरात लिहा!

आणि माझ्याकडूनही एक. पुण्यातली_नागपूरकर यांनी सांगितलं तसं सगळ्यांचे फोन पाहिले. वर्ध्याला माझ्या बाबांच्या मोबाइलमध्ये ३७ व्हिडिओ सापडले. बाबा काहीच खोडत नाहीत, खोडता येत नाही म्हणून. त्यातला एक १४ डिसेंबरचा, १९ सेकंदांचा. चिमणी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी, वर बघून ओरडते आहे, "येये! येये दे!" आणि ओट्यावर केळ्यांची फणी.

सासूबाई दुसऱ्या खोलीत होत्या. आवाज ऐकला आणि तिथूनच म्हणाल्या, "अगं हो! येये!"

---

महालातली_आजी | १२ जुलै, सकाळी ९:००

डोळ्यांत पाणी आलं.

मी पण धाकट्याला फोन केला होता. त्याला म्हटलं, तुझं लिहिलेलं नाही पण मला जे आठवतं ते आता सांगते, तू लिही. तासभर बोललो. तो कडबी चौकापाशी मोतीबागेतली छोट्या गाडीची इंजिनं पाहायला आपल्या लेकाला घेऊन जातो दर महिन्याला. म्हणाला, मला गाडीचं वेड होतं का लहानपणी? मी म्हटलं, नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन होती तेव्हा इतवारी स्टेशनावर तू एकदा इंजिनाला पोळी दिली होतीस. त्याला माहीतच नव्हतं.

---

त्रिमूर्तीनगरची_आई | २३ ऑगस्ट, रात्री ११:५०

आज तान्हा पोळा झाला. आजी, तुमच्या महाल भागात सकाळी मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी असेल. आमच्याकडे संध्याकाळी गल्लीतली सगळी पोट्टी आपापले लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायला निघाली. चिमणी आता दोन वर्षांची झाली. सासऱ्यांनी नवऱ्याचा लहानपणीचा बैल माळ्यावरून काढला, चाकांना तेल दिलं, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरू.

लिहायला बसली तेव्हा मागची पानं चाळली. "मी आलो" शेवटचं १७ ऑगस्टला आहे. त्या दिवशी लिहिताना शेवटचं म्हणून नव्हतं लिहिलं. कपड्यांच्या कपाटात लपली होती, तिथून म्हणाली होती, म्हणून लिहिलं होतं. त्यानंतरच्या पानांवर ते नाही.

आजची नोंद जशीच्या तशी:

*२३ ऑगस्ट. तान्हा पोळा. पाच घरं फिरली. पहिल्या दारात बैलाची दोरी घट्ट धरून उभी, मावशींनी दार उघडलं तर म्हणाली, "मी आली. बैल पण आली." बोजारा: दोन दहाच्या नोटा, तीन चिक्क्या, एक केळं. केळं मावशींना परत दिलं, "तुला घे." येताना नालीच्या कडेला चाक अडकून बैल आडवा झाला. तिथेच बसली आणि त्याच्या पुढच्या पायाला फुंकर घातली. घरी आल्यावर त्याच्यापुढे मुरमुरे ठेवले. खाईना. थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू: "झोपली."*